युद्धाची नीती शिकायची तर आधी वालीचं ऐका

बडोद्यात तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला युद्धनीती (डावपेच नव्हे, युद्धातलं योग्य-अयोग्य) हा विषय घेतला की दांडिया बाजारातले काका-मामा हटकून म्हणतात, "गीता पाठ आहे ना? मग झालं!" झालं कसलं! गीतेपासून सुरुवात केली की लढावं की नाही याच प्रश्नाभोवती माणूस घुटमळतो. कसं लढावं हा प्रश्न वेगळा आहे हे लक्षातच येत नाही, आणि उत्तरपत्रिकेत दोन्हींची खिचडी होते.

म्हणून मी नव्या मुलांना आधी किष्किंधाकांडातले १७ आणि १८ हे सर्ग वाचायला लावते. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती आपल्याच प्राच्यविद्या मंदिराची, त्यामुळे ग्रंथ मिळाला नाही ही सबब इथे चालत नाही. बाण लागून पडलेला वाली रामाला रोखठोक विचारतो: मी दुसऱ्याशी लढत होतो, तुझं काही वाकडं केलं नव्हतं, मग मला का मारलंस? राम सांगतो, ही भूमी इक्ष्वाकूंची, भरताच्या वतीने आम्ही दंड देतो. शिवाय भाऊ जिवंत असताना तू त्याची बायको, रुमा, ठेवून घेतलीस.

आता तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ टॉमस अक्वायनस शेजारी ठेवा. न्याय्य युद्धाला त्याच्या तीन अटी: राजसत्तेचा अधिकार, योग्य कारण, शुद्ध हेतू. अधिकार आणि कारण रामाने दाखवलं. पण आडून मारल्याचं काय? त्यावर राम म्हणतो, तू शाखामृग, म्हणजे वानर. शिकारी सावज तोंड फिरवून आहे का ते बघत नाही. वालीला हे पटतं. मला नाही पटत, पण रामनवमीला घरी हे बोलायची सोय नाही!

हा धागा हाती आला की मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात विषारी शस्त्रांना मनाई का, आणि कौटिल्य कूटयुद्धाची, म्हणजे कपटाने लढण्याची, मोकळेपणी चर्चा का करतो, हे भांडण आपोआप रंगतं. आक्रमणाला सरसकट चूक ठरवणारा चीनचा तत्त्वज्ञ मोझी आणि कलिंगच्या युद्धाचा पश्चात्ताप सांगणारा अशोकाचा तेरावा शिलालेख त्यानंतर घ्या. घाई करू नका.

नोकरीचं म्हणाल तर नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी ही एक वाट. दुसरी कायद्याची, तिथे १९४९ चे जीनिव्हा करार कलमवार वाचावे लागतात. युद्ध कोणी सुरू केलं हे ते विचारत नाहीत, जखमी शत्रूचा असला तरी संरक्षण तेच. गीतेवर पोसलेल्या आपल्या मुलांना पचायला सगळ्यात जड जातं ते हेच.