सीलिअ‍ॅक असलेल्या जोडीदारासोबत पुण्यात बाहेर जेवायला जाताना

सीलिअ‍ॅक या आजारात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाचा बारीकसा अंशही लहान आतड्याच्या अस्तराला इजा करू शकतो. ग्लूटेन असलेली गहू, बार्ली आणि राय ही धान्यं आयुष्यभर बंद, एवढाच त्यावर उपाय. म्हणून हॉटेल निवडताना मेन्यूच्या आधी तिथल्या स्वयंपाकघराचा विचार करा: कणीक कुठे मळतात, तवा कोणता, तळणीचं तेल कोणतं.

सुरुवात उपवासाच्या पदार्थांपासून करा. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी यांत गहू नसतो आणि हिंगही सहसा पडत नाही; बाजारातल्या बऱ्याचशा हिंगात मैदा मिसळलेला असतो. पुण्यात हे पदार्थ सहज मिळतात, एकादशी-चतुर्थीला तर जागोजागी. साबुदाणा वडा मात्र विचारूनच घ्या. त्याच कढईत समोसे तळले असतील तर तो बाद.

उडुपी हॉटेलात डोशापेक्षा इडली बरी. ती वेगळ्या साच्यात वाफवतात, डोशाच्या तव्यावर रवा डोसाही पडत असतो. सांबाराला हिंग असतं, त्यामुळे सोबत ओल्या नारळाची चटणी घ्या, तीही बिनफोडणीची.

भाकरीवर माझा सहज विश्वास बसत नाही. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून काही ठिकाणी त्यात थोडी कणीक घालतात. नाही घातली तरी परात आणि तवा पोळीचाच असू शकतो, आणि पीठ दळलेलं असतं गव्हाच्याच गिरणीत. भाजणीच्या थालीपिठात बहुधा गहू असतोच. मासे खाणार असाल तर सुरमई रव्याऐवजी तांदळाच्या पिठात घोळवून, वेगळ्या तव्यावर भाजून मागा. चायनीज टाळा, नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो.

ठिकाण ठरलं की दुपारी चारच्या सुमारास फोन करा. रविवारी रात्री दाराशी नंबर लावून लोक उभे असताना कुणालाही नीट बोलायला वेळ नसतो. ‘ग्लूटेन’ म्हणून थांबू नका, थेट सांगा: “माझ्या बायकोला गहू अजिबात चालत नाही. कणीक, मैदा, रवा, शेवया, काहीच नाही. तवा धुऊन, हिंग न घालता करून द्याल का?” पटकन “हो हो, सगळं चालेल” म्हणणाऱ्यापेक्षा “थांबा, आचाऱ्याला विचारून सांगतो” म्हणणारं हॉटेल निवडा.

हे विचारायचं काम तुम्ही अंगावर घ्या. दर वेळी स्वतःच्या आजाराचा खुलासा करताना माणूस थकतो, आणि वेटरच्या चेहऱ्यावर ‘किती नखरे’ दिसलं की पुढच्या वेळी तो गप्प बसतो. ते गप्प बसणं मला आजाराइतकंच घातक वाटतं.

कोरेगाव पार्क, बाणेरकडच्या कॅफेंत ‘ग्लूटेन फ्री’ केक दिसला तर ओव्हन आणि ओटा वेगळा आहे का ते विचारा. पाकिटबंद वस्तूवर असं लिहायचं तर भारतात ग्लूटेनची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. काउंटरवरच्या पाटीची खात्री मात्र विचारूनच करावी लागते.

टेबलावर आधी जोडीदाराचं ताट वाढून घ्या, मग तुमची पोळी मोडा. चटणीचा चमचाही वेगळा ठेवा. हॉटेल जमलं तर तिथे काय खाल्लं ते फोनमध्ये टिपून ठेवा, पण पुढच्या वेळी पुन्हा विचारा. आचारी बदलतात, हिंगाचा ब्रँडही बदलतो.