बॅटरीच्या व्हॉल्व्ह रेडिओला नवे नव्वद व्होल्ट जोडताना

पोटमाळ्यावरून उतरवलेल्या बॅटरीच्या रेडिओतल्या व्हॉल्व्हना, म्हणजे काचेच्या नळ्यांना, दोन पुरवठे लागतात: आतल्या तापणाऱ्या बारीक तारेला, म्हणजे फिलामेंटला, दीड व्होल्ट (एलटी, लो टेन्शन) आणि प्लेटला नव्वद (एचटी, हाय टेन्शन). हे नव्वद चुकून फिलामेंटला लागले की चारही व्हॉल्व्ह गेलेच. धूर नाही, आवाज नाही, कळतसुद्धा नाही.

इथली मापं डीके ९१, डीएफ ९१, डीएएफ ९१, डीएल ९२ किंवा ९४ अशा सात पिनांच्या, दीड व्होल्टच्या व्हॉल्व्हच्या सेटची आहेत. एलटी साडेसात किंवा नऊ व्होल्ट असेल, तर तो सेट वेगळा. त्याला हे लावू नका.

९ व्होल्टच्या १० अल्कलाइन बॅटऱ्या, एकाच कंपनीचे २ नवे डी सेल, २.२ किलोओहम ५ वॅटचा एक रेझिस्टर आणि डिजिटल मीटर लागेल. तालुक्याला रेझिस्टर मिळाला नाही तर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा. लिथियम सेलवरून नव्वद व्होल्ट काढणारं स्वस्त मॉड्यूल मात्र मागवू नका. त्याची खरखर मध्यम लहरींवर स्टेशनापेक्षा मोठी ऐकू येते.

बॅटऱ्या एकमेकींत उलटसुलट अडकवून सीरिजमध्ये जोडा, ९३ ते ९६ व्होल्ट भरतील. डी सेल समांतर जोडा. घामेजल्या हाताला नव्वद व्होल्ट चांगलाच झटका देतात, तेव्हा मोकळी टोकं आधी टेपने गुंडाळा.

आता खरं काम: वायरी ओळखणं. सुती वायरीच्या रंगावर कधीही विसंबू नका. सगळे व्हॉल्व्ह काढा, स्विच चालू स्थितीत ठेवा आणि चॅसीपासून (रेडिओचा धातूचा सांगाडा) एकेका वायरीपर्यंत ओहम मोजा. शून्य दाखवेल ती एलटी मायनस. सॉकेटच्या ७ नंबर पिनेशी जुळेल ती एलटी प्लस (सॉकेट खालून बघून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजा). तीनशे ते हजार ओहम दाखवेल ती एचटी मायनस. उरली ती एचटी प्लस. तिथे आकडा हळूहळू चढायला हवा. दहा किलोओहमच्या खालीच अडकला तर एचटीचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतोय. १० मायक्रोफॅरड १६० व्होल्टचा नवा बसवा.

इथेच बहुतेकजण ‘मायनस ते मायनस’ म्हणत दोन्ही मायनस बॅटरीपाशीच जोडून मोकळे होतात. हा सल्ला चुकीचा आहे. ते काहीशे ओहम उगाच नाहीत. त्यांच्यावर पडणारे सहा-सात व्होल्ट हाच डीएल ९२ च्या ग्रिडचा (प्रवाह आवरणाऱ्या जाळीचा) निगेटिव्ह बायस, म्हणजे तिला लागणारं उणे व्होल्टेज. मायनस एकत्र केले की बायस शून्य होतो, आवाज फाटतो आणि एचटी बघता बघता संपते. चारही वायरी चार ठिकाणी, वेगळ्याच ठेवा. (काही सेटमध्ये एचटी मायनसही शून्यच दाखवते. तिथे सेटनेच दोन्ही आतून जोडलेले असतात.)

व्हॉल्व्ह बाहेरच ठेवून, डी सेल न जोडता, एचटी प्लसमध्ये २.२ किलोओहम घालून फक्त एचटी द्या. प्रत्येक सॉकेटवर ७ नंबर पिन ते चॅसी मोजा. शून्याच्या आसपास यायला हवं. एक-दोन व्होल्टच्या वर गेलं तर थांबा. सेल जोडून ही तपासणी करण्यात अर्थ नाही. चुकीने आलेलं एचटी सेल दाबून धरतो, मीटर दीड दाखवतो आणि तुमची खात्री पटते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत सॉकेटवरच्या मळातूनही गळती होते, म्हणून तपासणीआधी ते स्पिरिटने पुसून कोरडे करा.

मग एचटी काढून फक्त डी सेल: ७ नंबरवर दीड व्होल्ट. मग सगळं बंद करून व्हॉल्व्ह बसवा.

पहिल्यांदा रेझिस्टर ठेवूनच चालू करा. आवाज बारीक येईल, येऊ दे. फिलामेंट लाल दिसत नाही म्हणून घाबरू नका, या व्हॉल्व्हचं तसंच असतं. रेझिस्टरवर १५ ते २२ व्होल्ट म्हणजे ७ ते १० मिलिअँपिअर, ठीक. तीसच्या वर गेले तर डीएलच्या ग्रिडकडे जाणारा कपलिंग कपॅसिटर बदला, ०.०१ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा पॉलिएस्टर चालतो. आकडा जागेवर आला की रेझिस्टर काढा.

एचटी आणि एलटीला एकसारखे कनेक्टर लावू नका. अंधारात चुकूनही एकाच्या जागी दुसरं बसता कामा नये. पुढे आवाज मंदावला तर आधी डी सेल बदला. आणि मृग लागायच्या आत सगळे सेल बाहेर काढून ठेवा, नाहीतर नागपंचमीला झाकण उघडाल तेव्हा टोकांवर हिरवी बुरशी दिसेल.