सॉलिड मेकॅनिक्समध्ये रिसर्च करायचाय? क्रॅकपासून सुरुवात करा

सॉलिड मेकॅनिक्स, म्हणजे घन वस्तू भार आल्यावर कशा वाकतात, ताणतात आणि तुटतात याचा अभ्यास, घेणारे बरेच जण मला विचारतात की यात आता नवीन काय उरलंय, सगळं तर सॉफ्टवेअर करतं. असं अजिबात नाहीये. साधा क्रॅक घ्या. ग्रिफिथ या ब्रिटिश इंजिनिअरने 1921 मध्ये काचेवर काम करून सांगितलं की क्रॅक वाढताना सुटणारी इलॅस्टिक एनर्जी (ताणलेल्या वस्तूत साठलेली ऊर्जा) नवीन पृष्ठभाग तयार करायला पुरली तरच तो पुढे सरकतो, पण तो मुळात कुठून सुरू होणार, कुठे वळणार, त्याला फाटे कधी फुटणार हे त्यातून कळत नाही. 1998 मध्ये फ्रँकफोर्ट आणि मारिगो या संशोधकांनी हाच विचार एनर्जी मिनिमायझेशन (एकूण ऊर्जा सगळ्यात कमी होईल अशी वाट शोधणं) म्हणून मांडला, त्यातून पुढे फेज फील्ड पद्धत आली, म्हणजे क्रॅकला धारदार रेघ न धरता अखंड ते पूर्ण तुटलेलं असा 0 ते 1 बदलणारा पुसट पट्टा धरायचा, मग तो स्वतःच वाट काढतो. स्क्रीनवर तो वळताना पहिल्यांदा बघितला की लय भारी वाटतं! पण मेश (गणितासाठी वस्तूचे केलेले छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, यांची जाळी) त्या पट्ट्याच्या रुंदीपेक्षा बरीच बारीक नसेल तर उत्तर चुकतं आणि चित्र मात्र छानच दिसतं, त्यामुळे एलिमेंटचा साईज निम्मा करून परत रन करायची सवय लावाच.

2019 नंतर फिजिक्स इन्फॉर्म्ड न्यूरल नेटवर्कची (भौतिकशास्त्राची समीकरणं पाळायला शिकवलेल्या एआय मॉडेलची) हवा आहे, सगळ्यांना तेच करायचंय. करा की, पण कंटिन्युअम मेकॅनिक्स (पदार्थ अणूंचा न धरता सलग धरून त्याचं वागणं मांडणारं गणित) आधी पक्कं करा, कारण थर्मोडायनॅमिक्सचे नियम आतच बांधले नसतील तर नेटवर्कने शिकलेलं मटेरियल मॉडेल (मटेरियल भाराखाली कसं वागेल याचं गणित) ट्रेनिंग डेटाच्या बाहेर गेलं की काहीही उत्तरं देतं.

मेटामटेरियलमध्येही, म्हणजे आतल्या रचनेमुळे वेगळेच गुण दाखवणाऱ्या मटेरियलमध्येही, खूप जागा आहे. ताणल्यावर आडवा फुगणारा फोम लेक्स या संशोधकाने 1987 मध्येच दाखवला होता, आता थ्रीडी प्रिंटिंगमुळे हवी तशी जाळी बनवता येते, पण प्रिंटमधल्या बारीक दोषांमुळे ती फटिगमध्ये (भार पुन्हा पुन्हा येत राहिल्याने) कधी तुटेल हे सांगणं अजून अवघड आहे.

आणि प्लीज, नुसतं सिम्युलेशन नको, प्रयोग शिका. डिजिटल इमेज कोरिलेशनमध्ये सॅम्पलला पांढरा रंग मारून वर काळे ठिपके उडवतात, लोड वाढताना कॅमेरा फोटो घेतो आणि ठिपके किती सरकले त्यावरून अख्ख्या पृष्ठभागाचा स्ट्रेन (मूळ आकाराच्या मानाने किती ताणलं गेलं ते) मिळतो. ठिपका फोटोत 3 ते 5 पिक्सेलचा हवा, फार बारीक झाला तर रीडिंग बिघडतं. गाईड निवडताना हे जरूर विचारा की टेस्टिंग मशीनवर स्वतः काम करायला मिळेल का.