जेड प्लांटची पानं सुरकुतून गळत असतील तर

एप्रिलमध्ये गच्चीवरच्या जेडची पानं सुरकुतली, हात लागताच गळू लागली. बुडाशी खोड मऊ. पाणी वाढवलं, आणखी बिघडलं. सावलीत हलवूनही तेच. वैताग आला.

दोष आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या मातीचा. वरून भेगाळते, आत चिकट ओली राहते. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून पान तहानलेलं दिसतं.

झाड काढून मुळं धुतली. कापात तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत खोड वर कापत गेलो (मुळं उरली नाहीत तरी खोडाला नवी फुटतात). पाच दिवस सावलीत सुकवलं. मातीच्या कुंडीत दोन भाग धूळ चाळलेला मुरूम, एक विटांचा चुरा, एक कुजलेलं शेणखत. आठवडाभर पाणी बंद. नंतर बोटाची दोन पेरं खोल माती कोरडी लागली तरच पाणी, संध्याकाळी. ऊन नऊपर्यंत, पुढे शेडनेट. शेंडे पावसाळा ओसरल्यावरच, फांदीवरच्या पेराच्या कड्यावर खुडायचे.