उपकेंद्रावर सर्दी-ताप-जुलाबाचा पेशंट आला की सिस्टरने आधी काय बघायचं

नवीन सीएचओ (उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून जॉईन झालेल्या मुली सारख्या विचारतात, ताई कोणत्या आजाराला कोणती गोळी ते लिहून पाठवा ना. गोळ्यांची यादी तर तुम्हाला मिळालेलीच असते, ट्रेनिंगमधे पाठ पण झालेली असते. आपलं खरं काम त्याच्या आधीचं आहे, समोर आलेलं दुखणं खरंच किरकोळ आहे का ते ओळखायचं, आणि किरकोळ नसेल तर वेळ न घालवता पुढे पाठवायचं.

लेकराचा खोकला असेल तर आधी अंगावरचे कपडे वर करा. मागच्या थंडीत सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून बाई आली, ९ महिन्यांचं पोरगं, वरून दोन स्वेटर आणि टोपरं, म्हणे "निस्ती सर्दी शे ताई, औषध द्या." पोरगं झोपलेलं होतं म्हणून बरं, स्वेटर वर केले आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले तर ५८, आणि प्रत्येक श्वासाला बरगडीखालचा भाग आत ओढला जात होता. तो न्यूमोनिया होता, लगेच गाडी बोलावली. मिनिटाला किती श्वास म्हणजे श्वास जोरात, ते आकडे लक्षात ठेवा: २ महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, २ महिने ते वर्षापर्यंत ५०, वर्ष ते ५ वर्षं ४०. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, आणि रडतंय तेव्हा तर मोजूच नका, आईला पाजायला सांगा आणि शांत होऊ द्या. २ वर्षांच्या आतल्या लेकराला खोकल्याचं सिरप अजिबात द्यायचं नाही, आई कितीही मागे लागली तरी.

जुलाबात ओआरएसचं पाकीट सगळेच देतात पण बनवायला कोणी शिकवत नाही, मग घरी जाऊन ग्लासात थोडी थोडी पूड टाकतात आणि ते पाणी एकदम खारट होतं. पूर्ण पाकीट, १ लिटर स्वच्छ पाणी, २४ तासात संपवायचं, उरलं तर फेकायचं. तिथेच तिच्याकडून बनवून घ्या. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून परत चमच्या चमच्याने. सोबत झिंक १४ दिवस, ६ महिन्यांच्या वर रोज २० मिलिग्रॅम, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १०, जुलाब थांबले म्हणून बंद नाही करायचं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि हळूहळू मागे गेली, डोळे खोल गेलेत, पोरगं मलूल पडलंय, पाणी पण ओढत नाही, तर पुढे पाठवा, आणि गिळता येत असेल तर रस्त्यात ओआरएस चालूच ठेवायचं.

मोठी माणसं "सलाईन लाई द्या" म्हणून अडून बसतात, त्यांच्यावर चिडू नका, मजुरी बुडते म्हणून त्यांना लवकर उभं राहायचं असतं. शांतपणे सांगा की तोंडाने पाणी जातंय तोवर बाटलीची गरज नाही.

पावसाळ्यात तापाला फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक काहीच नको, रक्तस्रावाचा धोका असतो. मलेरियाची किट लावा. आणि घरच्यांना हे नक्की सांगा की ताप उतरला तरी पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून रक्त येतंय, तर तेव्हाच जास्त धोका असतो, लगेच या.

आता आपल्या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं. कपाशीच्या दिवसात कोणी मळमळ, चक्कर, डोकं दुखतंय म्हणून आला की पहिला प्रश्न, फवारणी केली का? तो स्वतःहून सांगत नाही, त्याला वाटतं उपाशीपोटी ऊन लागलं. घाम दरदरून, तोंडात लाळ, डोळ्यातून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मग ॲसिडिटीची गोळी देत बसू नका. आपण ग्लोव्हज घालायचे, त्याचे कपडे उतरवून अंग साबणाने धुवायचं, १०८ बोलवायची आणि फवारणीच्या औषधाचा डबा सोबत द्यायला लावायचा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला जातो तेव्हा अंग भाजतंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय तर तो उष्माघात, पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, गाडी येईपर्यंत अंगावर पाणी आणि पंखा, शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका. आणि चाळिशीच्या पुढचा माणूस घाम पुसत "भरीत बाधलं, छातीत जळजळतंय" म्हणाला तर ईसीजीशिवाय घरी सोडायचा नाही.

ई-संजीवनीवर (सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर) डॉक्टरांशी बोलताना वय, किती दिवस, ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन, काय दिलं, या क्रमाने बोला, ते पटकन सांगू शकतात.

जाताना आईला विचारा, परत कधी आणायचं? तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे: पीत नसेल, झटके आले, श्वास जोरात झाला, तर रात्री पण. मग नाव वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईला फोन करून विचारा, पोरगं पाणी प्यायलं का.