रोजचा लांबचा प्रवास परवडतो का, हे कसे ठरवावे

नोकरी फोर्टात किंवा बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आणि परवडणारे घर बदलापूर, टिटवाळा, विरार किंवा पनवेलला, ही विभागणी मुंबईत इतकी अंगवळणी पडली आहे की ती स्वीकारताना हिशेब मांडावा असे अनेकांना वाटतही नाही. घर बघायला आपण जातो तो रविवार असतो, गाडीत बसायला जागा असते, दलाल ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ म्हणतो आणि वेळापत्रकात फास्ट लोकलला लागणारा वेळ आपण प्रवासाचा वेळ म्हणून धरून चालतो. निर्णय चुकतो तो बहुधा इथेच.

म्हणून सुरुवात घराच्या दारापासून ऑफिसातल्या खुर्चीपर्यंतचा वेळ मोजण्याने करावी. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर आणि विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. गाडीतला वेळ दोन्हीकडे साधारण दीड तासाच्या आसपास जातो, पण शेअर रिक्षाची रांग, पुलाचे जिने, गर्दीमुळे सोडून द्यावी लागलेली एखादी गाडी आणि उतरल्यावरची पायपीट मिळून पाऊण तास सहज वाढतो. घर पक्के करण्यापूर्वी, शक्य असल्यास पावसाळ्यात, कामाच्या दिवशी आणि कामाच्याच वेळी हा प्रवास सलग पाच दिवस करून पाहावा आणि निघाल्याची व पोहोचल्याची वेळ वहीत टिपून ठेवावी. सरासरीपेक्षा त्यातला सर्वांत वाईट दिवस अधिक महत्त्वाचा मानावा, कारण अनेक ऑफिसांत तीन लेट मार्कांची अर्धी रजा कापली जाते आणि त्या भीतीने माणूस रोजच वीस मिनिटे आधी निघू लागतो.

गाडी किती वेळा बदलावी लागते, हेही त्याच वहीत लिहावे. कल्याणहून फोर्टला एकाच गाडीने जाणे आणि कल्याणहून अंधेरीला दादरला किंवा घाटकोपरला उतरून जाणे, यांत किलोमीटरचा फरक कमी पण थकव्याचा मोठा आहे. मात्र हे गणित बदलतही असते. वर्सोवा–घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाल्यावर मध्य रेल्वेवरून अंधेरीला जाणाऱ्यांना दादरच्या पुलाला पर्याय मिळाला, आणि आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावू लागल्याने बीकेसी, वरळी आणि फोर्टला जाण्याचे मार्ग बदलले. दोन वर्षांपूर्वी एखाद्या सहकाऱ्याने सांगितलेल्या वेळेवर त्यामुळे विसंबून राहू नये.

अंतरापेक्षाही निर्णायक प्रश्न माझ्या मते वेगळाच आहे: बसायला मिळते का? मी स्वतः अकरा वर्षे बदलापूरहून फोर्टला ये-जा केली; त्यातली पहिली सात तिथूनच सुटणाऱ्या गाडीने बसून, आणि ऑफिसची वेळ बदलल्यावर उरलेली चार कर्जतहून भरून येणाऱ्या गाडीत उभ्याने. अंतर तेच, पासाचे पैसेही तेच, पण पहिल्या सात वर्षांत मी खात्याच्या परीक्षेचा अभ्यास गाडीतच पुरा केला आणि पुढच्या चार वर्षांत घरी आल्यावर जेवायचेही त्राण उरत नसे. बसून केलेले दीड तास काही अंशी आपले असतात. उभ्याने, तेही चौथ्या सीटच्या, म्हणजे तिघांच्या बाकावर सरकून मिळणाऱ्या कडेच्या जागेच्या, आशेवर केलेले, पूर्णपणे वजा धरावेत. तेव्हा आपल्या वेळेला आपल्या स्टेशनातून सुटणारी गाडी आहे का, ती चुकली तर पुढची किती वेळाने आहे आणि संध्याकाळी परतताना सुरुवातीच्या स्टेशनात चढता येते का, हे वेळापत्रक उघडून पाहावे. मागच्या स्टेशनापर्यंत उलट जाऊन जागा पकडण्याचा विचार असेल, तर तो वेळही मोजावा आणि पास त्या स्टेशनापर्यंतचा काढावा. ऑफिस ठाण्यात किंवा ऐरोलीत असून घर दक्षिणेकडे असेल, तर गर्दीच्या उलट दिशेचा प्रवास लांबचा असूनही सुसह्य ठरू शकतो.

आता पैसे. समजा, बदलापूर आणि मुलुंड यांच्या भाड्यात महिन्याला १४,००० रुपयांचा फरक आहे. पासातला फरक, शेअर रिक्षा आणि उशीर झाल्यावर बाहेरून मागवलेले जेवण यांचे २,००० वजा केले, तर खरी बचत १२,००० राहते. त्यासाठी दिवसाला अडीच तास जादा जात असतील, तर २२ दिवसांचे ५५ तास होतात, म्हणजे तासाला साधारण २१८ रुपये. हातात पडणारा पगार ६०,००० आणि कामाचे तास रोज नऊ असतील, तर आपल्या तासाचा भाव ३०० रुपयांच्या वर निघतो आणि सौदा तोट्याचा दिसतो. मात्र हा भाव अर्धाच खरा आहे, कारण वाचलेले ५५ तास कोणी आपल्याकडून विकत घेणार नसते. त्या तासांत प्रत्यक्षात काय होईल, हे विचारावे: पाळणाघराचे जादा पैसे वाचतील का, मुलाचा अभ्यास घेता येईल का, की नुसती झोप पुरी होईल? झोप पुरी होणे हेही कारण पुरेसे आहे, असे मला वाटते. मात्र वाचणाऱ्या १२,००० मधून गृहकर्जाचा हप्ता जात असेल, तर तेच पैसे त्या घराचा पाया असतात आणि तुलना तासांच्या भावावर संपत नाही.

घरात दोघेही नोकरी करत असतील, तर दोघांच्या वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एकाच्या सोयीचे घर दुसऱ्याचे दोन तास खाते, हे अनेकदा तेव्हाच लक्षात येते. रात्रपाळी असेल, तर शेवटची गाडी आणि स्टेशनापासून घरापर्यंतचा अंधारा रस्ता यांची चौकशी आधी करावी. आठवड्याची सुटी रविवारी नसेल, तर रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद ठेवणे) आपल्या मार्गावर किती वेळा येतो, तेही पाहावे.

एक मर्यादा मात्र हिशेबाबाहेर ठेवावी. दारात लटकल्याशिवाय गाडीत शिरताच येत नसेल, तर ती नोकरी किंवा ते घर, दोहोंपैकी एक सोडावे. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दारातले प्रवासी पडून दगावले, ते ऑफिसच्याच वेळेला.

नकार देण्यापूर्वी मधले मार्ग तपासावेत. ऑफिसची वेळ तासभर पुढे-मागे करून मिळते का, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करता येते का, हे नोकरी स्वीकारतानाच लेखी विचारावे. फर्स्ट क्लासच्या किंवा एसी लोकलच्या पासाची किंमत वरच्या हिशेबात घालून पाहावी, मात्र गर्दीच्या वेळी फर्स्ट क्लासमध्येही उभे राहावे लागते, हे विसरू नये.

एवढे करूनही मन ठरत नसेल, तर घर विकत न घेता अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्यावे आणि पहिला पास त्रैमासिक काढावा. तो संपण्याच्या आठवड्यात वही पुन्हा उघडून पाच दिवस वेळा टिपाव्यात, आणि आकडे बिघडलेले दिसले तर करार संपण्याच्या दोन महिने आधी घरमालकाला कळवावे.