बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्रात) जायचंय? रँक सोडा, आधी इंटरव्ह्यूचं बघा

गेटचा (इंजिनिअरिंग-सायन्सवाल्यांची देशपातळीवरची परीक्षा) रिझल्ट लागला की ज्युनिअर पोरांचे मेसेज सुरू, "दादा, बीएआरसीला किती स्कोअर लागतो?" अरे, स्कोअर फक्त इंटरव्ह्यूच्या दारापर्यंत नेतो. बीएआरसीची ऑनलाइन परीक्षा दिली तरी तेच, फायनल सिलेक्शन होतं ते इंटरव्ह्यूवरच, आधीचे मार्क त्यात धरत नाहीत.

आणि तो इंटरव्ह्यू म्हणजे "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता" टाइप अजिबात नाही. मी मेकॅनिकलचा. आवडीचे विषय विचारले, मी बिनधास्त स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (वस्तू किती ताण सोसते त्याचा विषय) म्हटलं आणि तिथून जे सुरू झालं... पातळ पाइपला आतून प्रेशर वाढवत नेलं तर तो कुठून फाटेल? लांबीच्या दिशेने, कारण हूप स्ट्रेस (गोलाईच्या दिशेचा ताण) लाँगिट्युडिनलच्या (लांबीच्या दिशेच्या ताणाच्या) दुप्पट. हे सगळ्यांना पाठ असतं. पण मग म्हणतात दाखवा काढून, फ्री बॉडी डायग्राम (कुठे कोणतं बल लागतं ते दाखवणारी आकृती) काढा, आता टोकं सपाटऐवजी गोल का करतात सांगा, भिंत जाड झाली तर हाच फॉर्म्युला चालेल का. एमसीक्यू घोटलेली पोरं इथे गारद होतात. त्यामुळे दोन-तीनच विषय घ्या पण मुळापासून करा, आणि येत नसेल तर सरळ नाही म्हणा, उगाच फेकू नका.

निवड झाली की एक वर्ष ट्रेनिंग स्कूल. हे भाभांनी 1957 ला सुरू केलेलं, मुंबईशिवाय कल्पाक्कम, इंदूर, हैदराबादलाही आहे. स्टायपेंड मिळतो म्हणून घरचे खूश, पण सतत परीक्षा असतात, कॉलेजात आदल्या रात्री वाचून पास व्हायची सवय असेल तर ती इथे जड जाते. पुढे सायंटिफिक ऑफिसर-सी, आणि तीन वर्षं सर्व्हिसचा बाँड.

घरी एक गोष्ट आधीच क्लिअर करा, पोस्टिंग मुंबईत अणुशक्तीनगरलाच मिळेल असं नाही. डीएईची (बीएआरसी ज्याच्याखाली येतं त्या अणुऊर्जा विभागाची) युनिट्स देशभर आहेत, थेट तेलंगणातल्या मणुगुरूच्या हेवी वॉटर प्लांटलाही जावं लागू शकतं.

काम फक्त रिॲक्टरचं असतं हाही गैरसमज. लासलगावला कांद्याला रेडिएशन देणारा प्लांट बीएआरसीचाच, 2007 मध्ये आपला हापूस अमेरिकेला गेला तोही तिथूनच रेडिएशन घेऊन. शेंगदाण्याचं टीएजी-24 वाण पण ट्रॉम्बेचंच, म्हणजे बीएआरसीचंच (आमच्या काकांनी वर्षानुवर्षं पेरलं, त्यांना हे माहीतच नव्हतं!). प्रमोशनला वरची जागा रिकामी व्हायची वाट बघावी लागत नाही, तुम्ही केलेल्या कामावर इंटरव्ह्यू होतो. पगार प्रायव्हेट आयटीशी तुलना करत बसाल तर मात्र जीव रमणार नाही, तसल्यांनी येऊच नये असं माझं मत.

डिप्लोमा, बीएस्सी किंवा आयटीआयवाल्यांसाठी स्टायपेंडरी ट्रेनीचा रस्ता वेगळा आहे, त्याची जाहिरात पण वेगळी निघते, ती ओसीईएसच्या (वर सांगितलेल्या ट्रेनिंग स्कूलवाल्या भरतीच्या) जाहिरातीत शोधत बसू नका.